दार्सनाचा ठोका

ही गोष्ट खरी आहे. ज्याला थाप वाटेल त्यानं बालीतल्या उमाजेरो गावी जावं आणि मेन दार्सनासमोर बसून तिला खोटारडी म्हणून दाखवावं.

धड परत आलात तर सांगा.

मेन दार्सना म्हणजे दार्सनाची आई. तिथं बाईला थोरल्या लेकराच्या नावानंच हाक मारतात. तिचं स्वतःचं नाव गाव कधीच विसरलं.

दिवस न्येपीचा. त्या दिवशी अख्खं बेट गप्प बसतं. चूल नाही, दिवा नाही, पहारेकरी सोडला तर कुणाचं उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. गावकीची वाद्यं मंडपात कुलपाखाली.

ऊन माथ्यावर होतं. ती लेकाला आदल्या दिवशीचा गार भात वाढत होती.

आणि मंडपाकडून आवाज आला...

टिंग... टिंग-टिंग... टिंग...

काशाच्या पट्ट्यांवर हातोडी पडत होती.

या वाद्याची रीत अशी, की एक चाल दोघांनी वाटून घ्यायची. एकानं ठोका द्यायचा, दुसऱ्यानं मधल्या फटी भरायच्या. ठोका दार्सनाचा. फटी भरायचा सुवित्रा, त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार.

आत्ता ऐकू येत होतं, ते फक्त फटी भरणं.

आणि सुवित्रा तर गेल्या महिन्यात घाटात स्कूटरवरून पडून गेला होता.

दार्सनाची बोटं मांडीवर ठोका धरू लागली. तिनं त्याची दोन्ही मनगटं पकडली.

"हात आवर. जोडीला बोलावतोय तो."

"आई, अर्धवट राहिलंय गं त्याचं. एकदा पुरं करून येतो."

"मेलेल्याचं पुरं करायला पुजारी आहेत. तू भात गीळ."

"परसात तरी जाऊ देशील? की तिथंही मनगट धरून येणार?"

तिला हसू फुटलं. तिनं हात सोडले.

तो गेला.

बराच वेळ आला नाही...

मग आला. जागेवर बसला. भाताला शिवला नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून गावचा पहारेकरी कोमांग दबक्या आवाजात बोलला, "मेन दार्सना, ठोकाठोक बंद कर! न्येपी आहे की बाजार?"

"माझ्या घराला कान लावतोस होय रे? मंडपात जाऊन बघ, कोण बडवतंय!"

"मी तिथूनच आलोय. कुलूप तसंच आहे, आत चिटपाखरू नाही. आवाज तुझ्याच घरात आहे, बाई."

तो निघून गेला. तिनं वळून पाहिलं.

लेकाची बोटं मांडीवर चालूच होती. पण...

ती बोटं फटी भरत होती.

आणि मंडपातून आता ठोका येत होता. दार्सनानं लहानपणी तिच्या पातेल्यांना पोचे पाडून शिकलेला. हजारांत ओळखला असता तिनं.

ती धडपडत उठली.

"बसा," तो शांतपणे म्हणाला. "आज बाहेर पडायचं नसतं."

आईला अहोजाहो... त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं.

अंधारून आलं, तसा ठोका थांबला.

आता वाजवायला तो मंडपात सुवित्राच्या जागेवर बसतो. फटी झकास भरतो. गाव म्हणतं, मित्राच्या दुःखानं जागा बदलली पोरानं. गावाला काय, डोळे आहेत, कान कुठं आहेत?

ती त्याला ताट वाढते आणि लांब बसून राहते. त्याचे हात बघत.

आणि कुणी "मेन दार्सना!" अशी हाक मारली, की ओ द्यायच्या आधी तिची मान मंडपाकडे वळते...