पितरांची बोळवण

नव्या वर्षाचा दुसरा दिवस मावळायला आला, तसा म्हातारा ल्वान दारात आडवी टाकलेली काठी उचलायला वाकला आणि ती घेऊन, गुडघे धरत सावकाश उभा राहिला. वर्षाकाठचं हे एवढं काम उरकलं की आडवं व्हायचं, इतकंच त्याच्या मनात होतं.

काम तसं साधं. सरत्या वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी वेशीवर उदबत्ती लावून पितरांना जेवायला बोलवायचं. ते घरात आले की दारात काठी आडवी टाकायची, म्हणजे मधूनच कोणी उठून जात नाही. अंगणात त्यांच्या घोड्यांसाठी वैरण पसरायची. मग नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठी काढायची नि फटाके लावायचे. घोडे बुजून उधळतात आणि स्वारांना घेऊन थेट डोंगरापलीकडे जातात. बोळवण नीट झाली नाही, तर पितर रेंगाळतात, आणि रेंगाळलेला पितर जाताना घरातलं एखादं माणूस सोबत नेतो.

म्हाताऱ्याच्या आज्याच्या वेळी गुडघे टेकायला हे अंगण पुरत नसे. बापाच्या वेळी भाऊ-भाऊ उरले. आता तो आणि त्याचा मुलगा चिनहाय, दोघंच. सुनेला दिवस गेलेले, तिनं शहरातूनच फोनवर हात जोडले. उकडायच्या करंज्यासुद्धा दुकानातल्या, बर्फात गोठवलेल्या.

चिनहायनं पिशवीतून लाल प्लास्टिकची माळ काढली.

"हे काय रे?"

"फटाके. सेलवर चालतात. खऱ्यांना बंदी आहे ना."

"घोडे बुजतील याला?"

"आमच्या सोसायटीतली कुत्री बुजतात, बाबा. घोड्यांचं काय घेऊन बसलात."

म्हाताऱ्यानं पितरांच्या वाटखर्चाचे कागदी पैसे पेटवले. "आबा, बाबा, आई... आणि चिनहायची आई, तू पण गं. जेवलात, आता निघा. वाट अंधाराची आहे."

चिनहायनं बटण दाबलं. माळ तडतडली, शेवटी तिनं एक गाणं वाजवलं आणि गप्प झाली. जळक्या कागदाचा वास अंगणात बसून राहिला. आणि त्या शांततेत, रिकाम्या अंगणात, कोणीतरी सावकाश वैरण चघळत होतं.

"हललेच नाहीत," म्हातारा पुटपुटला.

चिनहायला ऐकू आलं की नाही, कोण जाणे. तो हसून अंगणाकडे बघत म्हणाला, "मग घोडे राहू द्या इथंच. चला सगळे माझ्या गाडीतून. आत ऊब आहे, जागाही आहे."

त्याच्या तोंडावर हात ठेवायला म्हातारा पुढे झाला, पण बोलणं होऊन गेलं होतं.

"पितरांना असं थट्टेनं बोलवू नये, बाळा."

वैरण चघळायचं थांबलं.

"आजची रात्र राहा," म्हातारा म्हणाला.

"ती घरी एकटी आहे, बाबा. मीही दमलोय."

गाडीचे दिवे वळणाआड गेले. म्हातारा घरात शिरला. दरवर्षी बोळवणीनंतर घर हलकं वाटायचं. आज ते इतकं रिकामं वाटलं, की त्याला बसवेना. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, गाडी बिघडलीय बहुतेक. मागच्या सीटचे पट्टे लावा म्हणून सारखी टुणटुण करतेय. मागे तर कोणीच नाही."

"गाडी बाजूला घे. खाली उतर, मागचं दार उघड आणि म्हण, इथंच उतरा."

"कोणाला म्हणू?"

"म्हण तू. आणि हे झाल्याशिवाय घरी जाऊ नकोस. सुनेजवळ नेऊ नकोस त्यांना."

दार उघडल्याचा आवाज आला. वारा आला. चिनहाय ओशाळल्यासारखं काहीतरी बोलला. दार लागलं. टुणटुण चालूच होती. मग एकदम थांबली.

म्हाताऱ्यानं रोखलेला श्वास सोडला. "उतरले का रे?"



"नाही, बाबा..." तो अगदी हळू म्हणाला. "पट्टे लागले."