सहाशे तेरावी फेरी

आयातकराबद्दल माणसांना विचारायची पद्धत बंद पडून आता अकरा वर्षं झाली होती. त्याऐवजी त्यांच्या प्रतिजनांना विचारत. प्रतिजन म्हणजे संगणकात उभी केलेली माणसाची नक्कल. त्याची खरेदी, बोलणं, दुखणीखुपणी, रागलोभ, सगळं भरलेली. व्यापारी करार आधी या नकलांच्या जगात लागू करायचा आणि त्यांची पाच वर्षं चाळीस मिनिटांत जगून घ्यायची. ही झाली एक फेरी. शेवटी प्रतिजन 'हो' म्हणाला, तर कायद्याने तो खऱ्या माणसाचा होकार.

म्हणूनच दस्तगीर सतारमेकर मिरजेहून पुण्याच्या संशोधन संस्थेत येऊन बसले, तेव्हा डॉ. शरयू टिळेकरला अवघडल्यासारखं झालं.

"बाई, परदेशी तंबोऱ्यावरचा कर उठवायला मी हो म्हणालो म्हणे. कधी म्हणालो?"

"तुमचा प्रतिजन म्हणाला, दस्तगीरभाई."

"माझ्यासारखाच आहे ना तो? मग म्हणेलच कसा? आमच्याकडं भोपळा वाळवण्यापासून तार लावण्यापर्यंत नऊ माणसं राबतात. तिकडचा कारखान्यातला माल आला की सगळी बसली घरी."

शरयूने अहवाल उघडला. पहिल्याच पानावर तिचं वाक्य होतं : 'निष्कर्ष भक्कम आहेत.' तिच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांची ही जुनी खोड. हवं ते उत्तर येईना, की एखादं गृहीतक बदलायचं आणि गणित पुन्हा चालवायचं. जमेल ते अहवालात, बाकीचं कपाटात. नुसते आकडे होते तोवर खपून गेलं.

"तुम्ही सहाशे बारा वेळा नाही म्हणालात," ती पुटपुटली.

"आणि मग?"

"सहाशे तेराव्या फेरीत हो."

"त्या फेरीत काय झालं मला?"

ती ओळ तिनेच भरली होती, एका दुपारी, सामोसा खाता खाता. 'श्रवण : शून्य.'

"तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

दस्तगीरांचा अंगठा टेबलाच्या कडेवर तार चाचपल्यासारखा फिरत होता.

"बहिरा केलात होय! मग म्हणाला असेल बिचारा, कुणाचाही तंबोरा वाजू दे, मला काय त्याचं. आता कुठं आहे तो?"

"फेरी संपली की पुसतात."

"हो म्हटल्यावर?"

"नाही म्हटल्यावरसुद्धा."

"सहाशे तेरा!" ते उठले. "एकाच्या तरी जनाज्याची नमाज पढलात का, बाई?"

ते गेल्यावर शरयू बेसिनकडे गेली. तिने दोनदा हात धुतले. बोटांना अजून सामोशाच्या तेलाचा वास येतोय असं वाटून तिला स्वतःचीच किळस आली. तशीच ती संचालकांच्या खोलीत गेली.

"सर, अहवाल मागे घेते मी."

पेंढारकर सरांनी चष्म्यावरून पाहिलं. संस्थेतल्या लोकांचेही प्रतिजन होते. नेमणुकीच्या कागदात तशी अट होती.

"बस. चहा घे," ते मायेने म्हणाले. "तू बिथरणार हे वाटलंच होतं मला. म्हणून कालच विचारून घेतलं. असू दे अहवाल, म्हणालीस."

कितव्या फेरीत, हे तिने विचारलं नाही. कितवी तरी असणारच.

"सर," ती म्हणाली, "माझं काय काढून घेतलंत?"