आठव्या खांबावरचा दोर

सात माणसं अधांतरी लटकली होती आणि त्यांना अंधार पडायच्या आत खाली आणायचं होतं. एवढ्यासाठीच त्या दुपारी आठ आसनांचं ते छोटं जेट विमान भाड्याने घेतलं गेलं!

डोंगरमाथ्यावरच्या त्या स्कीच्या गावात सकाळी वाऱ्याचा असा काही झोत आला, की रोपवेचा पोलादी दोर आठव्या खांबावरच्या चाकांवरून निसटला आणि निसटलेला दोर झेलायला खाली बसवलेल्या आकड्यांत जाऊन पडला. रोपवे जागच्या जागी थांबला. उतारावरच्या केबिनमधली माणसं रोपवेच्या लोकांनी दोरखंड लावून एकेक करून उतरवली. पण दोन केबिन नेमक्या दरीच्या मध्यावर अडकल्या होत्या. खाली दीडशे मीटर पोकळी, आणि थंडी अशी की श्वास मिशांवर गोठावा. तिथवर कुणाचा हात पोचत नव्हता. हेलिकॉप्टरला वारा जवळ येऊ देत नव्हता. रस्त्यावर हिमकडा कोसळलेला. रोजची मोठी विमानं तिथल्या आखूड धावपट्टीवर उतरतच नसत.

दोर पुन्हा चाकांवर चढवू शकेल असा एकच माणूस कंपनीला आठवला. एकोणीस वर्षांपूर्वी तो खांब ज्याने उभा केला होता, तो मामा!

मामा म्हणजे खारूताईचा सख्खा मामा. पण रोपवेचे खांब बनवणाऱ्या त्यांच्या कारखान्यात लहानथोर सगळेच त्याला मामा म्हणत. खारूताई चौतीस वर्षांची. खांबावर खारीसारखी सरसर चढते म्हणून मामानेच तिला हे नाव दिलं होतं, आणि आता तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. मामाकडून फोन आला तेव्हा ती आधी त्याच्यावरच उखडली.

"तू येणार नाहीस. डॉक्टरांनी काय सांगितलंय? त्या आजारानंतर तुझं एक फुप्फुस अर्धंच चालतं. उंचावर पाय ठेवायचा नाही! मी जाते. तू फोनवर सांग."

"फोनवर दोराचा आवाज ऐकू येत नाही," मामा म्हणाला. "ताणलेला दोर बोलतो. काय बोलतो ते तुला अजून कळत नाही. चल, गाडी काढ."

विमानतळाच्या मागच्या हँगरमध्ये कॅप्टन त्यांची वाट बघत होती. पन्नाशीची, केस बारीक कापलेली, मोजकं बोलणारी बाई. तिने आधी सगळं सामान वजनकाट्यावर ठेवायला लावलं. जड वजन साखळीने ओढून उचलायच्या दोन चेनपुल्या, साखळ्या, आकडे, पट्टे. मग माणसंही एकेक करून काट्यावर उभी केली. मामा, खारूताई आणि रोपवे कंपनीचे साहेब. आकडा बघून तिने मान हलवली.

"ऐंशी किलो जास्त होतायत. वर हवा विरळ आहे. विमान जास्त वेगाने टेकतं आणि थांबायला जास्त जागा खातं. समोर डोंगर आहे. वजन कमी करा."

"एक चेनपुली ठेवून देऊ का?" खारूताईने विचारलं.

"दोन्ही लागतील," मामा म्हणाला. "एकीने दोर तिरका उचलला जाईल."

 मग साहेबांनी पुन्हा काट्याकडे पाहिलं. "माझंच वजन ब्याऐंशी आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वाऱ्याचा इशारा आला होता. अजून अर्धा तास चालू ठेवा, असं मीच सांगितलं... मी खाली थांबतो. तुम्ही निघा."

आणि ते खरंच मागे सरले.

एक वाजून दहा मिनिटांनी विमानाने जमीन सोडली. कातड्याच्या मऊ खुर्च्या, लाकडी कडांची टेबलं, आणि त्या सगळ्या थाटात मधोमध पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या दोन काळ्याकुट्ट, तेलकट चेनपुल्या! मामाने आपले बूट गालिच्यावर ठेवायला नको म्हणून पाय उचलूनच धरले होते. खारूताईला हसू आलं. "ठेव रे पाय. आपल्यासाठीच घेतलंय हे विमान." मग बराच वेळ दोघांनी कागदावर आठव्या खांबाचं चित्र काढून कुठला आकडा कुठे लावायचा ते ठरवलं. बाहेर ढगांचा सपाट पांढरा पसारा होता आणि त्यातून लांबवर शिखरांची टोकं बेटांसारखी वर आली होती.

तासाभराने कॅप्टनने मागे वळून सांगितलं, "पट्टे घट्ट करा. दरीतून आत शिरायला एकच वाट आहे. ठरावीक ठिकाणी धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर वर उठायचं. दोन प्रयत्नांपुरतं इंधन आहे. तिसरा नाही."

विमान ढगात शिरलं.

उजेड करडा झाला. पंख थडथडू लागले. डावीकडे ढग क्षणभर फाटला. काळा कडा! इतका जवळ, की त्यावरचा बर्फाचा थर मोजता यावा. विमान दणकन खाली खचलं, पुन्हा सावरलं. साखळ्या खणखणल्या. सहवैमानिक उंचीचे आकडे मोठ्याने वाचत होता. समोर नुसता बर्फ. पांढरा, आडवा, सुसाट!

"काही दिसत नाही," तो म्हणाला.

"वर!" कॅप्टन म्हणाली.

इंजिनं गर्जली. पाठ खुर्चीत रुतली. विमान नाक वर करून उठलं आणि कड्यांच्या मधून वळत वळत पुन्हा उन्हात आलं.

खारूताईला राहवलं नाही. "अजून थोडं खाली जायचं होतं ना! माणसं गोठतायत तिथे!"

कॅप्टन वळली नाही. पण तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "ताई, खांबावर तुम्हाला कुणी खालून ओरडून घाई केली तर?"

 मामाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिचं काम तिला करू दे."

दहा मिनिटं त्यांनी वर घिरट्या घातल्या. वाऱ्याने ढग थोडा पुढे ढकलला, तशी कॅप्टनने पुन्हा वाट धरली. तोच करडा अंधार. तेच धक्के. सहवैमानिकाचे आकडे झपाट्याने लहान होत चालले. खारूताईने डोळे मिटले, मग उघडले. पाहिल्याशिवाय तिला जमेना.

"दिवे!" सहवैमानिक ओरडला. "समोर दिवे!"

चाकं टेकली. विमान घसरलं, सरळ झालं, सगळं अंग खडखडलं. डोंगर अंगावर धावून येत होता... हळू झाला... आणि धावपट्टी संपायला हातभर अंतर उरलं असताना विमान थांबलं.

कॅप्टनने कपाळावरचा घाम पुसला. "साडेपाचला धावपट्टी बंद होते," ती म्हणाली. "पाच वीसपर्यंत मी इंजिन तयार ठेवीन. पुढचं तुमच्या हातात."

तीन वाजायला पाच मिनिटं होती.

पट्ट्यांवर चालणारी बर्फगाडी त्यांना घेऊन चढावर निघाली. गाडी रोपवेचा फोरमन चालवत होता. बुटका, दाढी बर्फाने पांढरी झालेला माणूस. केबिनमधल्यांशी वॉकीटॉकीवर बोलणं चालू आहे, असं त्याने सांगितलं. दोन लहान मुलं आहेत. एका बाईंची बोटं बधिर झालीयत. मामा ऐकत होता, पण त्याचा श्वास भात्यासारखा वाजत होता आणि ओठ निळसर झाले होते. गाडीतून उतरून खांबापर्यंतच्या वीस पावलांत तो तीनदा थांबला.

"मामा, गाडीत बस."

"खांबाशीच बसतो. तू चढ."

खारूताई चढली. वर वारा अंगावर धावून आला. पट्टा अडकवला. खाली दरी, आणि दरीवर दोन लाल केबिन पेंडुलमसारख्या झुलत होत्या. एका काचेवर कुणीतरी तळहात टेकवला होता. तिने नजर काढून घेतली. दोर चाकांच्या खाली हातभर अंतरावर आकड्यांत पडला होता. तिने वरच्या अंगाला चेनपुली टांगली, फोरमनने खालच्या अंगाला. दोराखाली आकडे सरकवले.

"दोघांनी बरोबर ओढा," वॉकीटॉकीत मामा म्हणाला. त्याने कान खांबाच्या पोलादाला लावला होता. "दहा कड्या... थांबा. झोत येतोय. थांबा! ...हं. आता ओढा."

बोटाएवढा, बोटाएवढा करत दोर वर आला. दर वेळी मामाचं "थांबा" आलं की पुढच्याच क्षणी वारा खांबाला हलवून जाई. चार वाजले. हात भरून आले. हातमोज्यातली बोटं दुखायचीही थांबली. दोर चाकांच्या कडेला आला. आता फक्त चार बोटं वर आणि एक झोका आत!

"मामा, शेवटचं ओढू?"

उत्तर नाही.

"मामा?"

तिने खाली पाहिलं. मामा गुडघ्यांवर होता. मग तो हळूच कुशीवर कलंडला. गाडीजवळची दोन माणसं त्याच्याकडे धावली.

 खारूताईचे पाय आपोआप शिडीकडे वळले.

"तुम्ही जा!" फोरमन ओरडला. "पण दोर असा राहिला तर पुढच्या झोतात उडून जाईल. केबिनसकट!"

ती शिडीवर एक पाऊल उतरली आणि थांबली. खाली माणसं मामाला उचलून गाडीत ठेवत होती. तिथे तिचे दोन हात जास्तीचे होते. इथे दुसरे हात नव्हते.

ती परत वर आली. टोपी मागे सारून तिने कान खांबाच्या चौकटीला लावला. गोठलेल्या पोलादाने कातडी भाजून काढली. आधी नुसता गोंगाट. मग त्या गोंगाटाच्या तळाशी एक बारीक, चढत जाणारा सूर ऐकू आला. दरीपलीकडून झोत निघाला होता.

"थांबा!"

खांब हादरला. साखळ्या करकरल्या. सूर शिगेला पोचला, थरथरला आणि उतरू लागला. उतरला. खर्जात गेला.

"ओढा! ओढा! आता!"

साखळी धावली. दोर उचलला. तिने पहार घातली, अंगाचा सगळा भार टाकला. खट्! एक चाक. खट् खट्! दोर सरकत सरकत बाराच्या बारा चाकांच्या खाचांत जाऊन बसला.

फोरमनने दोनदा तपासलं, वॉकीटॉकी तोंडाशी नेली आणि त्याचा आवाज फाटला. "इंजिन चालू करा! हळू! चालण्याच्या वेगाने!"

लाल केबिन हलल्या.

खारूताईने त्या पुरत्या पाहिल्याही नाहीत. ती शिडी उतरली, की पडली, तिलाच कळलं नाही. गाडीत मामा प्राणवायूच्या नळकांड्याला जोडलेला होता. गावच्या डॉक्टरने एकच वाक्य सांगितलं, "यांना ताबडतोब खाली न्या. इथली रात्र यांना झेपणार नाही."

पाच वाजून अठरा मिनिटांनी बर्फगाडी धावपट्टीच्या कडेला थांबली. कॅप्टन दारातच उभी होती, इंजिनं घरघरत होती. चेनपुल्या वर खांबावरच राहिल्या होत्या. त्यांच्या जागी, त्याच पट्ट्यांनी, मामाचं स्ट्रेचर बांधलं गेलं. विमान पश्चिमेच्या शेवटच्या तांबड्या उजेडात दरी ओलांडून उठलं.

विमानातली हवा गावापेक्षा दाट होती. पंधरा मिनिटांत मामाच्या ओठांवरचा निळेपणा ओसरू लागला. खारूताईची बोटं मिटलेली ती उघडेनात; सहवैमानिकाने येऊन तिचे हातमोजे एकेक बोट सोडवत काढले.

मग कॅप्टनने मागे वळून सांगितलं, "गावाहून निरोप आलाय. सातही जण उतरले. पोरं चालत घरी गेली."

मामाने डोळे उघडले. प्राणवायूचा मुखवटा बाजूला सारला. "सात?"

"सात," खारूताई म्हणाली. 

त्याने मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. छाती क्षणभर हललीच नाही. खारूताई दचकून उठली. तिने दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले. "मामा! ए मामा!"

"अगं, झोपू दे की," मामा पुटपुटला. "दमलोय."