मशरूमचा कडू डबा

"तुझ्या पावडरीनं अब्बांचा जीव चाललाय," मोईन फोनवर एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

शबाना इंदापूरच्या आपल्या शेडमध्ये रेशी या औषधी मशरूमच्या पिशव्यांवर पाणी फवारत होती. तिनं फवारा तिथंच टाकला. मोईनचे अब्बा, पळसदेवचे मासेमार चाँदचाचा, तिचं जुनं गिऱ्हाईक. पोटात अल्सर, म्हणून तिची मशरूमची पावडर रोज कोमट पाण्यातून घ्यायचे. स्कूटर हाणत ती बारामतीच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा चाचा आत रक्त ओकत होते आणि बाहेर हवालदार प्रगती गलांडे पावडरीचा डबा घेऊन उभ्या होत्या. बाकावर चाचांची बायको, शबाना जिला खाला म्हणायची ती बानूबाई, पदर तोंडात धरून बसली होती.

डॉक्टर दारात आले. "पोटात नक्की काय गेलंय ते सांगा. अंदाजानं किती वेळ औषध देऊ?"

"काय मिसळलंस यात?" गलांडेबाईंनी विचारलं.

"काय न्हाय, मॅडम. हीच आमी घरी खातो." शबानानं चिमूटभर पावडर जिभेवर टाकली. हवालदारबाई हात धरायला गेल्या, तोवर गेलीच.

रेशी कडूच असते. पण हिच्या मागं जिभेवर चुना लागल्यासारखं काहीतरी राहिलं.

"ही माझी हाय, पण नुसती माझी न्हाय."

"मग काय भूत आलं होतं मिसळायला?"

शबानाला रडू फुटत होतं, पण रडून चाचा वाचणार नव्हते. ती मोईनकडं वळली. "चाचांचे दुखरे गुडघे आता कसे हायत?"

"गुडघ्याचं काय काढलंस मधीच?"

"सांग तर."

"बरे हायत. परवा होडी एकट्यानं पाण्यात ढकलली."

"दुखीच्या गोळ्या घेतात?"

"अल्सरमुळं डॉक्टरांनी बंद केल्या. अब्बा तर गोळीला हात लावत न्हाईत."

"पावडर कोण कालवून देतं?"

"अम्मी."

शबाना खाली बसली. तिला हे बोलायचंच नव्हतं.

"मॅडम, माझी पावडर पोटासाठी. गुडघ्याला ती काय करणार? गोळी बंद असताना गुडघे पळायला लागले, म्हणजे गोळी चालू होती. चाचा हातानं घेईनात, म्हणून कुणीतरी कुटून डब्यात घातली. कडूत कडू, त्यांना कळलंच न्हाय; माझ्या जिभेला चुन्यासारखा लागला तो गोळीचाच भुगा. खाला, कुठली गोळी ती? लवकर सांगा."

बानूबाईनं पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांची अर्धी पट्टी होती. मोईननं ती हिसकावली आणि डॉक्टरांकडं पळाला.

"खाला, का केलंत?"

"तूच म्हणालीस की गं. बचत गटाच्या स्टॉलवर. दुखीच्या गोळीनं पोट जळतं, तर ह्या मशरूममधलं अँटिऑक्सिडंट ते जळू देत न्हाय. मी म्हणलं, दोन्ही एकत्र दिलं तर गोळी बी लागू पडंल, पोट बी राहील. कण्हायचे गं ते. बघवत नव्हतं."

गलांडेबाईंनी डबा बाकावर ठेवला. "तुझं नाव यातून निघालं. जा घरी."

शबाना जागची हलली नाही. मोबाईलवर तिनं वाचलं होतं खरं, पण तो प्रयोग उंदरांवरचा होता. उंदीर म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून स्टॉलवर तेवढं ती गाळायची. स्वतःचा असा राग तिला कधी आला नव्हता.

"लिहून घ्या मॅडम. गोळी खालानं घातली. चालतंय असं मी सांगितलं. माणसांवर कुणी बघितलंच नव्हतं. उंदरांवर बघितलं होतं."

डॉक्टर पुन्हा बाहेर आले. गोळी कळली ते बरं झालं, म्हणाले, पण रक्त फार गेलंय, आत्ता काहीच सांगता येत नाही.

बानूबाईनं शबानाचा हात घट्ट धरला. "ती उंदरं वाचली का गं?"

होय म्हणणं सोपं होतं. शबानाच्या ओठांवर आलंही.

"न्हाय, खाला. पोट आतनं बघायचं म्हणून ती शेवटी मारतात."

बानूबाईनं मान हलवली. हात मात्र सोडला नाही, आणि दोघी बंद दाराकडं बघत बसल्या.