पंधरा नंबरचा निरोप

आईचा टीव्ही आपोआप बंद होतो, एवढीच तक्रार होती. येताना माठाला नवी तोटीही आण म्हणाली, ती घेऊन मी भर दुपारी आमच्या गावी, शुक्रवार पेठेत तिच्याकडे पोचले. मे महिना, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

माझी नोकरीच या कामातली आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार केबलनं जोडले की आपसात निरोप धाडतात. एकानं 'बंद व्हा' म्हटलं की सगळे बंद. त्या निरोपांचं सॉफ्टवेअर मी लिहिते. म्हटलं, हे काय, चुटकीसरशी होईल.

खिडक्या लावलेल्या होत्या. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास अंधारात भरून राहिला होता. दाराशी बॅग भरून ठेवलेली. माझा भाऊ अमृत संध्याकाळी आईला कायमची पुण्याला न्यायला येणार होता. टीव्हीचं ऐकून त्यानं ठरवूनच टाकलं होतं, आईला भास होतात, ती एकटी राहू शकत नाही. आईला हे घर सोडायचं नव्हतं.

"मी हसले की बंद हुतंय, सुकन्या," ती हळूच म्हणाली.

मला राग आला, पण आईचा नाही, अण्णांचा. आमचे वडील बिरप्पा दिवाळीनंतर वारले. जन्मभर रिमोट त्यांच्या हातात. आई कधी मोकळेपणी हसली की ते "बास" म्हणायचे आणि टीव्ही बंद करायचे. आम्ही सगळे मुकाट उठायचो. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

निरोप वाचायची एक डबी असते. ती मी टीव्हीला आणि लॅपटॉपला जोडली, आईला विनोदी कार्यक्रम लावून दिला. ती हसली. पडदा काळा झाला.

लॅपटॉपवर निरोप उमटला होता: बंद व्हा. प्रत्येक निरोपासोबत धाडणाऱ्याचा नंबर येतो. टीव्हीचा शून्य, बाकीच्यांचे आपापले. हा आला होता पंधराकडून. ज्याला त्या घरात स्वतःचा नंबर उरलेला नाही, त्यानं पंधरा म्हणून बोलायचं, असा नियम आहे.

बॉक्स बिघडला असेल म्हणून मी बॉक्स काढला. मग साउंडबार काढला. आता टीव्हीला फक्त माझी डबी होती, आणि ती नुसती ऐकते, बोलत नाही. कार्यक्रम वायफायवरून लावला. आई पदराआड जरा हसली...

पंधरा. बंद व्हा.

वाळ्याच्या वासात आता अण्णांच्या तंबाखूचा वास मिसळला होता.

"आई... या पंधराचं टीव्हीनं ऐकूच नये, असं करून टाकते मी. दोन ओळी लिहायच्या फक्त..."

तिनं माझा हात धरला. "नगं. तू मशिनीला सांगशील. मला त्यास्नी सांगायचं हाय."

तिनं टीव्ही लावला, आवाज वाढवला आणि अण्णांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"अवो... लई वर्सं तुमचं आयकलं. आता बास म्हनायची पाळी माजी. मी हितनं कुटं जानार न्हाय, आन् हसायचं बी सोडनार न्हाय."

मग ती त्याच खुर्चीत बसली आणि हसली. पडद्यावर साबणाची जाहिरात होती, तरी पोट धरून हसली. टीव्ही चालूच राहिला. मीही हसले, डोळे पुसत हसले.

अमृत आला तेव्हा आईनं त्याला चहा दिला आणि त्याच्यादेखत बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावल्या. त्यानं खूप समजावलं, मग चिडला, शेवटी एकटाच गेला.

मी आवराआवर करायला घेतली. डबीची केबल काढून हातावर गुंडाळली. आई आत स्वयंपाकघरात माठाला तोटी बसवत होती. लॅपटॉप मिटणार, तोच त्यावर एक ओळ उमटली. पुन्हा पंधरा. केबल माझ्या हातात होती.

या वेळी 'बंद व्हा' नव्हतं. एक यंत्र दुसऱ्याला विचारतं, तो साधा प्रश्न होता: चालू आहेस का?

मी तो मोठ्यानं वाचला नव्हता.

"हाय की," आतून आई म्हणाली, तोटी आवळता आवळता. "चालूच ऱ्हानार."