पाण्याची भूक

प्रयोगशाळेच्या पडद्यावरचा आकडा पद्मजाने तिसऱ्यांदा तपासला, आणि तिसऱ्यांदाही तो तिच्याच घरचा निघाला.

सोलापुरात उन्हाळा आता नऊ महिने मुक्काम ठोकून असायचा. माणसांनी त्यावर उपाय काढला होता: घरोघरी अंगणतळी. चार पावलं रुंद, दहा पावलं लांब, छातीइतकी खोल. पाणी मात्र तीन वर्षांतून एकदाच मिळे. तेच पाणी क्लोरीन, तुरटी, सोडा घालून आरशासारखं राखायचं. प्रत्येक तळ्याला एक मात्रायंत्र असे. ते पहाटे आणि दुपारी क्लोरीनची पातळी सारखी करून ठेवी. त्याला जोडलेला भूकमापी पद्मजाच्याच प्रयोगशाळेने घडवलेला.

"ही भूक म्हणजे नेमकं काय गं?" शहनाजने विचारलं. शेजारच्या शरीरक्रिया विभागातली ही तिची जुनी मैत्रीण रोज चहा घेऊन इकडे यायची.

"क्लोरीन पाण्यात नुसता बसून राहत नाही. अंगाचा घाम, त्यातला युरिया, जे भेटेल त्याच्याशी झुंजतो आणि स्वतः संपतो. दिवसभरात किती संपला, ती पाण्याची भूक. तळ्याला उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन फार झाला. खरं तर तो थकलेल्या क्लोरीनचा वास. ताजा कमी पडला की पाणी गढूळतं."

"आणि तुझ्या तळ्याची भूक वाढलीय."

"सतरा दिवस झाले. एकवीस दिवस सलग मर्यादेच्या वर राहिली, की पाणीसमिती तळ्याला सील ठोकणार."

शहनाजने कपाकडे बघत सावकाश म्हटलं, "उतरणारी माणसं दोनच. तू आणि तुझे नायना. राग मानू नकोस, पण शहात्तरीत ताबा सुटतो कधी कधी. आमच्या सासऱ्यांनी तर लग्नाच्या पंगतीत..."

"पुरे गं!" पद्मजा म्हणाली. पण हाच विचार सतरा दिवस तिच्याही मनात ठाण मांडून होता.

तिचे नायना, म्हणजे वडील, नरसय्या बोल्ली यांनी चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात रंगमास्तर म्हणून काढली होती. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. जमिनीवर त्यांचा डावा पाय ओंडका व्हायचा; पाण्यात मात्र ते एका हाताने कठडा धरून वीस फेऱ्या चालायचे. "पाणी मला कडेवर घेतं पद्मा," ते म्हणत. "तुझ्या आईमागं एवढी माया कुणी केली नाही." तळं बंद झालं, तर त्यांचं चालणंच बंद झालं असतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नायना काठावरच्या खुर्चीत बसून तुरटीचं पाणी लांब काठीने ढवळत होते. दोरीवर त्यांचा ओला टॉवेल टपटपत होता. ढवळताना ते पद्मजाच्या आईची, सुताच्या रहाटावरची ओवी गुणगुणत.

"जरा जोरात ढवळा की नायना, लवकर होईल."

"जोरात ढवळलं तर गाळाची गाठ बसत नाही, फुटते. ओवीच्या चालीनं ढवळायचं. तू शिकली असशील पुस्तकात, मी हंड्यात शिकलो."

त्यांच्या मांडीवर काचेची नळी होती. ते रोज दोनदा, सकाळी स्वतःच्या फेऱ्यांनंतर आणि संध्याकाळी तिच्या पोहण्यानंतर, नळीत पाणी घेऊन त्यात दोन थेंब औषध टाकत. पाणी गुलाबी होई. क्लोरीन जितका शिल्लक, तितका गुलाबी गडद. आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. नळीतल्या छटेसारखाच सुताचा धागा रंगवून ते पुठ्ठ्यावर टाचून ठेवत, कारखान्यात ठेवत तसं छटापत्रक. म्हातारपणचा विरंगुळा म्हणून पद्मजाने ते कधी उलगडून पाहिलं नव्हतं.

"नायना," तिने कसंबसं सुरू केलं, "पाण्यात उतरण्याआधी तुम्ही... म्हणजे बाथरूमला..."

नायनांनी तिच्याकडे पाहिलं आणि खो खो हसले. "अगं, लहानपणी तू माझ्या तीन धोतरांवर रंगकाम केलंस, मी कधी एवढा लाजलो नव्हतो. मी बाहेर राहावं, असंच ना?"

"तीनच दिवस. आकडा उतरला की..."

"राहतो की." ते इतक्या चटकन म्हणाले की तिलाच वाईट वाटलं. मग काठी थांबवून त्यांनी विचारलं, "तू मात्र उतरशील ना? रोजच्यासारखी?"

"उतरेन."

"मग झालं."

तीन दिवस ती रोज पोहली आणि विसाव्या दिवशी दुपारी पडद्यासमोर बसली. आकडा जिथल्या तिथे होता.

"कणभरही उतरला नाही?" शहनाजने खुर्ची ओढली. "असं कसं? निरोगी माणूसही पाण्यात थोडा घाम सोडतोच. एक माणूस वजा झाला, तर भूक थोडी तरी कमी व्हायला हवी."

"यंत्र बिघडलं असेल."

"चार दिवसांपूर्वी तूच तपासलंस ना ते?" शहनाजने पद्मजाचा हात हातात घेतला, उलटा केला, पापणी खाली ओढून पाहिली. "पद्मे, तुला हल्ली दमायला होतं?"

"उन्हाळा आहे. सगळेच दमतात."

"मूत्रपिंडं थकली की युरिया रक्तात साचतो. मग तो घामातून बाहेर वाट शोधतो. एकानं वाढवली नसेल भूक, तर दुसरं कोण उरतं गं?"

पद्मजाने बाही वर सारली. तासाभरात रक्त तपासून झालं. तिची मूत्रपिंडं निम्म्याहूनही कमी काम करत होती. दुखत काहीच नव्हतं. दुखू लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. "वर्षभरानं आला असतात तर मला फक्त धीर देता आला असता," तज्ज्ञ डॉक्टर म्हणाले. "आता औषधं देता येतील. पथ्य पाळलंत तर आहे तेवढं कार्य पुष्कळ वर्षं टिकेल. कुणी ओळखलं हे?"

"पाण्यानं," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने नायनांना सगळं सांगितलं. त्यांनी उशीखालून छटापत्रक काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

दोन ओळी होत्या. वरची त्यांची, खालची तिची. खालच्या ओळीतला गुलाबी महिन्यामागून महिना फिका होत गेला होता, इतका हळू की एखादा रंगमास्तरच ओळखेल. वरची ओळ शेवटपर्यंत एकसारखी. आणि त्या ओळीच्या टोकाला धागे रंगवलेलेच नव्हते. पांढरे, कोरे धागे. तिने मोजले. पंधरा.

"हे काय? मी तर तीनच दिवस..."

"त्याआधी बारा मी आपला आपण बाहेर राहिलो. मी नसताना तुझा धागा गडद होतो का, ते बघायला."

आता तिला पडद्यावरचा न हललेला आकडा उमगला. वजा करायला पाण्यात माणूसच नव्हता.

"आणि तो ओला टॉवेल?"

"नळाखाली भिजवायचो. नाहीतर तूच मला ढकलत पाण्यात नेलं असतंस."

"मला सांगायचं ना नायना!"

"काय सांगू? तुझा धागा फिका दिसत होता. पण माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा डोळ्यांनी, एकदा उन्हात, आणि एकदा दुसऱ्या माणसाकडून बघितल्याशिवाय मी कधी माल पास केला नाही. तू यंत्रावरचा आकडा बघते म्हणालीस, तेव्हा मला दुसरा माणूस मिळाला." त्यांनी कोऱ्या धाग्यांवरून बोट फिरवलं. "देवाला रोज म्हणत होतो, दोष माझाच निघू दे. मीच पाणी नासवत असू दे."

ते उठायला गेले, तसा डावा पाय जागचा हलेना. पंधरा दिवसांत तो पुरता ओंडका झाला होता. पद्मजाने त्यांना मिठीत धरलं. दोघांपैकी कुणी कुणाला सावरलं, ते दोघांनाही कळलं नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी तिने त्यांना पाण्यात सोडलं आणि स्वतः पाय पोटाशी घेऊन काठावर बसली. पहिली फेरी जमेना. दुसऱ्या फेरीला पाण्याने त्यांना कडेवर घेतलं. ते चालू लागले आणि चालीवर ओवी म्हणू लागले. आईच्या ओवीत हे शब्द पद्मजाने कधी ऐकले नव्हते:

पाण्याला नाही तोंड, पाणी बोलतं रंगात
लेकीचं दुखणं गं, त्यानं झेललं अंगात

संध्याकाळी आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली आला. नायनांनी सकाळच्या नळीतली गडद गुलाबी छटा धाग्यावर उतरवली आणि तो वरच्या ओळीत टाचला. खालच्या ओळीसाठी त्यांनी दुसरा धागा उचलला, तेव्हा पद्मजाने तो त्यांच्या हातून घेतला.

तो कोराच होता. आपल्या ओळीत तो तिने स्वतःच्या हाताने टाचला.