स्क्रीन उजळण्याआधी

फोन आला तेव्हा तपासनीस बाई दात घासत होत्या. दवाखान्याचे अधीक्षक बोलत होते. श्वास देणारं मशीन बॅटरी बदलायला मिनिटभर बंद केलं, ते पुन्हा चालूच झालं नाही. नर्सने चाळीस मिनिटं हाताने फुगा दाबून पेशंटला जगवलं होतं.

"मशीन कारखान्यात परत पाठवलंय. संध्याकाळपर्यंत मला नाव हवं," अधीक्षक म्हणाले. "त्या माणसाने पुन्हा असल्या मशीनला हात लावता कामा नये."

बाईंची वीस वर्षं असल्याच मशीनांचा कोड तपासण्यात गेली होती. त्यात कोडवरचा विश्वास टिकला, माणसांवरचा आटला.

कारखाना म्हणजे एक खोली आणि तीन टेबलं. माणसंही तीनच: मालक, त्यांचा धाकटा मुलगा आणि वारलेल्या थोरल्याची बायको. सून कोड लिहायची, दीर तो तपासायचा. मधल्या टेबलावर बंद मशीन होतं आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"हिचाच प्रताप," मालकांनी सुनेकडे हात केला. "पुढच्या महिन्यात कारखाना हिच्या हाती द्यायला निघालो होतो. माझीच अक्कल शेण खायला गेली होती."

"तुमची अक्कल नंतर बघू," बाई म्हणाल्या आणि सुनेसमोर खुर्ची ओढून बसल्या. "मशीन चालू होताना तुमचा कोड पहिल्यांदा काय करतो?"

"तेव्हा कर्नेलला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, कुठल्याच उपकरणाचा पत्ता नसतो. मेमरीचा मोठा नकाशा नंतर तयार होतो. तोवर आठ तात्पुरत्या जागा असतात. उपकरणाची मेमरी तिथे जोडायची, हवं ते वाचायचं, जागा परत द्यायची."

"परत नाही दिली तर?"

"नवव्या उपकरणाला जागा उरत नाही. मशीन तिथेच अडकतं."

"परत देणाऱ्या ओळी तुमच्या कोडमध्ये नाहीत," तिच्या संगणकावरचा कोड चाळत बाई म्हणाल्या.

"काल सकाळपर्यंत होत्या."

बाईंनी कोडमधल्या बदलांची नोंद काढली. काल दुपारी पावणेदोनला त्या ओळी उडवल्या होत्या. संगणक सुनेचा, नावही सुनेचंच.

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मागच्या पायऱ्यांवर. डबा खात होते, एकटीच."

"पासवर्ड कोणाला ठाऊक आहे?"

"तिघांनाही. घरच्यांपासून काय लपवायचं?" ती पुढे वाकली. "बाई, मला हे एकच काम येतं. ते गेलं तर माझ्याजवळ काही उरत नाही."

"झालं, रडगाणं सुरू," दीर म्हणाला.

बाई त्याच्याकडे वळल्या. "कोडची नवी प्रत तपासली होती का?"

"सवड कुठे मिळाली? बाबा काल चार वाजताच ती घेऊन दवाखान्यात गेले आणि चालू मशीनमध्ये भरून आले. बंद करून पुन्हा चालू केलं की मगच ती लागू होते."

"मग दोष यांच्या कोडमध्येच आहे, हे कसं कळलं?"

"सकाळी मशीन आल्याबरोबर मी चालू केलं. स्क्रीनवर स्वच्छ लिहून आलं, जागा शिल्लक नाही. म्हटलं, वहिनींनी हात दाखवून अवलक्षण केलं."

"कुठल्या स्क्रीनवर?"

"मशीनच्याच. ही काय समोर."

"लॅपटॉपची वायर जोडली होती?"

"वायर कशाला? डोळे आहेत ना."

बाईंनी मशीनचं बटण दाबलं. स्क्रीन काळी. मिनिट गेलं, तरी काळीच. मग त्यांनी पिशवीतून वायर काढून आपला लॅपटॉप जोडला आणि पुन्हा बटण दाबलं. लॅपटॉपवर भराभर ओळी उमटल्या. शेवटची होती: जागा शिल्लक नाही. मशीनची स्क्रीन अजून काळीच होती.

दीर टेबलापासून मागे सरकला.

"स्क्रीनसुद्धा एक उपकरणच आहे," बाई म्हणाल्या. "तिची मेमरी मोठ्या नकाशानंतर जोडली जाते. हे मशीन त्याच्या आधीच अडकतं. म्हणजे स्क्रीनवर तुम्हाला काही दिसणं शक्यच नाही. हे वाक्य फक्त वायरीतून दिसतं, आणि आज तुम्ही वायर लावलीच नाही. ते तुम्ही काल वाचलंत. ओळी उडवल्यावर, आपल्या टेबलावरच्या चाचणीच्या मशीनला वायर लावून, डाव साधतोय ना ते बघताना."

"मी कोड वाचला असेल."

"काल वाचलात तर काल का नाही बोललात?"

तो वायर उपसायला पुढे झाला; बाईंनी त्याचा हात अडवला.

"मी सांगते. चाचणीत दोष 'सापडणार' होता. वहिनींची नाचक्की आणि कारखाना तुमचा. पण वडील घाईत प्रत घेऊन गेले. तेव्हा एक फोन केला असता तर पुरे होतं."

"मला वाटलं, बंद करायची वेळच येणार नाही," तो पुटपुटला. "फोन केला असता तर सगळं उघडं पडलं असतं."

"म्हणून तोंडात मूळ गिळून... मूग गिळून बसलात, आणि तिकडे एका माणसाचा श्वास नर्सच्या मुठीत होता." रागाने बाईंचीही जीभ अडखळली होती.

मालक सुनेकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला होता. "सूनबाई, तू म्हण, चुकून झालं. बाई ऐकतील. घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू."

"मामंजी," ती म्हणाली, "सकाळी तुम्ही माझं नाव सांगत होतात, तेव्हा मी कोणाच्या घरातली होते?"

बाईंनी अधीक्षकांना फोन लावला आणि दिराचं नाव सांगितलं.